कोलंबियाचे दार आणि मेरिटची पट्टी

विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघाली की तिच्यात बाबासाहेबांच्या शिक्षणावर एखादा लेख असतोच, आणि तो असायलाच हवा. त्या लेखात एक वाक्य ठरलेले असते. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले व त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. ‘प्रवेश घेतला’ एवढे दोन शब्द वाचून आपण पुढे निघून जातो. आज आपल्या वस्तीतली काही पोरं परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांची नावे घेऊ लागली आहेत. तेव्हा ही दारे कोणासाठी उघडली, कोणासाठी बंद झाली आणि बंद करताना काय कारण सांगितले गेले, हा इतिहास आपल्या घरांतून माहीत असावा असे आम्हांला वाटते. मेरिट, मेरिट म्हणून जे रोज आपल्या कानावर आदळते, त्याची पट्टी कोण धरतो हेही त्यातून कळते.

आधी बाबासाहेबांचेच बघू. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. चरित्रकारांनी त्यांचे गुण नोंदवून ठेवले आहेत : ७५० पैकी २८२. म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नाहीत. आज दहावीचा निकाल लागल्यावर विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, त्या यादीत हे नाव आले नसते! संस्कृत शिकायची त्यांची फार इच्छा होती, पण अस्पृश्याच्या मुलाला ती भाषा शिकू दिली नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. परळच्या चाळीतली एकच खोली, त्यात सारे कुटुंब, आणि पहाटे दोनला उठवून अभ्यासाला बसवणारे सुभेदार रामजीबाबा. हे सगळे त्या २८२ मध्ये कुठे मोजले गेले? कागदावर तेवढा आकडा राहिला.

पुढे बी. ए. होऊन कोलंबियाला जाण्यापर्यंत जे घडले त्यात मार्कांपेक्षा माणसांचा वाटा मोठा आहे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हा मुलगा हेरला. बुद्धचरित्राचे पुस्तक त्याच्या हातात दिले हे आपण सर्वजण जाणतो, पण त्यांनी सयाजीराव महाराजांच्या कानावर त्याचे नाव घातले हे त्याइतकेच महत्त्वाचे. त्यातून कॉलेजसाठी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे महाराजांनी चार विद्यार्थी अमेरिकेला पाठवायचे ठरवले, त्यांत बाबासाहेब होते. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. फेब्रुवारीत रामजीबाबा गेले होते. जुलैमध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले.

आता विद्यापीठाचे दार. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाला खरे म्हणजे एक दार नसते. बारावीनंतरच्या मुलांसाठी कॉलेज वेगळे आणि पदवीधरांसाठी एम. ए., पीएच. डी. चे विभाग वेगळे. बाबासाहेब गेले ते पदवीधरांच्या दाराने, राज्यशास्त्र विद्याशाखेत. त्या काळी ह्या दारावर फारशी गर्दी नव्हती. मान्य विद्यापीठाची पदवी आणि फी भरायची ऐपत असली की सहसा आत घेत. अवघड होते ते मुंबईतच होऊन गेले होते. आत गेल्यावर मात्र बाबासाहेबांनी अर्थशास्त्राचेच २९ कोर्स घेतले. शिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान. थोडे फ्रेंच, थोडे जर्मन. पट्टीच लावायची तर ती इथे लावावी.

पण ज्या वर्षांत बाबासाहेब तिथे शिकत होते, त्याच वर्षांत शेजारच्या दुसऱ्या दारावर, म्हणजे कॉलेजच्या दारावर, एक निराळीच कुजबूज सुरू होती. आमच्या आजच्या विषयाचा गाभा तोच आहे.

जुन्या काळी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया ही श्रीमंत गोऱ्या ख्रिस्ती घराण्यांची कॉलेजे. प्रवेशाला लेखी परीक्षा असे आणि तिच्यात लॅटिन व ग्रीक हे विषय असत. सरकारी शाळेत ग्रीक कोण शिकवणार? ते शिकवणाऱ्या खाजगी शाळा वेगळ्या आणि त्यांची फी मोठी. म्हणजे आपल्याकडे संस्कृतचे जे काम, तेच तिकडे ग्रीकचे. कोलंबियाने ही ग्रीकची अट १८९७ साली काढली. १९०० साली सर्व कॉलेजांसाठी मिळून एक परीक्षा मंडळ निघाले, त्यात कोलंबियाचे निकोलस मरे बटलर यांचा पुढाकार होता. १९०१ च्या पहिल्या परीक्षेला ९७३ उमेदवार बसले. पेपर लिहा, पास व्हा, आत या. गंमत बघा, त्या वेळी पास झालेल्याला बहुधा जागा मिळेच. जागा जास्त आणि मुले कमी.

आणि मग ज्यूंची मुले आली.

१८८१ नंतर रशिया व पूर्व युरोपातून छळाला कंटाळून लाखो ज्यू लोक अमेरिकेत आले. न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत एकेका खोलीत राहायचे, बाप कपडे शिवायच्या कारखान्यात, आई घरी काजे-बटणे करायची. पण मुलांच्या शिक्षणावर जीव. सरकारी शाळेत आणि वाचनालयात बसून ही पोरं परीक्षा धडाधड पास होऊ लागली. कोलंबिया तर त्यांच्या गावातच, जायला-यायला ट्रामचे भाडे पुरे. पहिले महायुद्ध संपेपर्यंत कोलंबिया कॉलेजात ज्यू विद्यार्थी सुमारे ४० टक्के झाले.

झाले! जुन्या घराण्यांच्या पोटात दुखू लागले. बाबासाहेब तिथे शिकत असतानाच, १९१४ साली, कॉलेजचे डीन केपेल यांनी विद्यापीठावर एक पुस्तक लिहिले. ज्यूंची संख्या फार वाढली अशी तक्रार तोवर एवढी वाढली होती की पुस्तकात तिची दखल घ्यावी लागली. ही मुले नापास होत होती अशी तक्रार नव्हती. ती फार पास होत होती!

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबासाहेबांचे कोलंबियातले गुरू प्रा. एडविन सेलिग्मन हे ज्यू घराण्यातले. त्यांचे वडील जोसेफ सेलिग्मन हे अमेरिकेतले नामांकित सावकार, सरकारला कर्ज उभे करून देणारे. १८७७ साली हे गृहस्थ साराटोगा येथील ग्रँड युनियन हॉटेलात कुटुंबासह गेले तेव्हा त्यांना ज्यू म्हणून खोली नाकारली. १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना, ती हकीकत आपल्या मुलांना पाठ असते. त्या प्रसंगाच्या चाळीस वर्षे आधी त्यांच्या गुरूच्या बापावर ही वेळ येऊन गेली होती. गुरु-शिष्यांचे ह्यावर कधी बोलणे झाले की नाही कोण जाणे. पण सेलिग्मन यांनी पुढे बाबासाहेबांच्या प्रांतिक अर्थकारणावरील ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, हे मात्र छापील आहे.

आता बंदोबस्त कसा केला ते पाहा. ज्यूंना घेत नाही असे उघड म्हणणे शोभणारे नव्हते. म्हणून १९१९ च्या सुमारास कोलंबियाने प्रवेशाची रीतच बदलली. नुसती परीक्षा पास होणे पुरे नाही असे ठरले. आठ पानी फॉर्म आला. त्यात धर्म कोणता, वडिलांचा जन्म कुठला, वडिलांचा धंदा काय, हे प्रश्न. सोबत फोटो. मग मुलाखत. शिवाय ‘मानसिक चपळाई’ मोजणारी नवी चाचणी, जिच्यात अमेरिकन घरात वाढलेल्या मुलाला सोपे जावे असे बरेच काही होते. दोन-तीन वर्षांत ज्यूंचे प्रमाण ४० वरून सुमारे २२ टक्क्यांवर आले. कोटा हा शब्द कुठल्याही कागदावर नाही. काम फत्ते.

हार्वर्डने उघडपणे करून पाहिले आणि तोंडघशी पडले. तिथे १९०० साली ज्यू विद्यार्थी ७ टक्के होते, १९२२ पर्यंत साडेएकवीस टक्के झाले. अध्यक्ष लॉवेल यांनी १५ टक्क्यांची मर्यादा घालावी असा प्रस्ताव आणला. वर्तमानपत्रांत बोंब झाली, प्राध्यापकांची समिती नेमली गेली आणि १९२३ साली समितीने कोटा नाकारला. पण लॉवेल स्वस्थ बसणारे नव्हते. त्यांच्या अर्जात एक नवा प्रश्न आला : तुमच्या जन्मानंतर तुमचे किंवा तुमच्या वडिलांचे नाव बदलले आहे काय? आडनावावरून माणूस हुडकण्याची कला फक्त आपल्याकडेच आहे असे कोणी समजू नये. १९२६ पासून वर्गाची संख्या हजारावर बांधली गेली आणि निवडीत ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’, पुढारीपण, खेळ यांना वजन आले. देशाच्या सर्व भागांतून मुले यावीत असेही धोरण आले. ऐकायला किती छान! पण ज्यू वस्ती न्यूयॉर्क-बोस्टनकडे दाटलेली, त्यामुळे लांबच्या प्रांतातला मुलगा घेतला की जवळचा ज्यू आपोआप कमी होई. २७-२८ टक्क्यांवर गेलेले प्रमाण १५ च्या आसपास उतरले.

चारित्र्य कोणी मोजायचे? मोजणारा ज्या क्लबात जेवतो त्या क्लबातल्या मुलाचे चारित्र्य त्याला चांगलेच दिसणार. आमच्या मते ह्या साऱ्या इतिहासातली कळ इथे आहे. परीक्षा अपुरी असते हे खरे, ते आपण २८२ गुणांवरून पाहिलेच. पण परीक्षेच्या जागी काय येते आणि ते कोणाच्या हातात असते, हा प्रश्न उरतोच.

ह्याच सुमारास वारसाहक्कही आला. येलने १९२५ साली असे ठरवले की जागा मर्यादित केल्या तरी येलच्या माजी विद्यार्थ्याचा मुलगा किमान पात्र असला तर त्याला त्या मर्यादेमुळे वगळू नये. बाप शिकला म्हणून मुलाला जागा. जन्माने मिळणाऱ्या जागेला दुसरा काय शब्द आहे ते आपण जाणतोच.

आणि हा वारसासुद्धा सगळ्यांना सारखा नव्हे. १९२२ साली रॉस्को ब्रूस या हार्वर्डच्याच काळ्या पदवीधराने आपल्या मुलासाठी पहिल्या वर्षाच्या वसतिगृहात खोली मागितली. तिथे राहणे एरवी सक्तीचे. लॉवेल म्हणाले, वर्गात घेऊ, वसतिगृहात नाही. गोऱ्या मुलांवर आम्ही काळ्यांचा सहवास लादू शकत नाही. १९२३ साली हार्वर्डच्या वरिष्ठ मंडळाला हा निर्णय फिरवावा लागला. कोलंबियात १९२१ साली लँगस्टन ह्यूज हा तरुण कवी आला. त्याने टपालाने खोली राखून ठेवली होती. समोर काळा मुलगा उभा दिसल्यावर कार्यालयात चुळबूळ सुरू झाली. शेवटी खोली मिळाली, ती हार्टली हॉलमध्ये. ह्याच हार्टली हॉलमध्ये १९१३ साली आपले बाबासाहेब प्रथम उतरले होते. ह्यूज वर्षभरात कंटाळून निघून गेला. प्रिन्स्टनमध्ये तर १९३० च्या दशकात ब्रूस राइट या मुलाला शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला आणि तो काळा आहे हे कळताच नाकारला गेला. तो पुढे न्यूयॉर्कमध्ये न्यायाधीश झाला.

ज्यांना दार बंद झाले ते काही कमअस्सल नव्हते. १९३५ साली रिचर्ड फाइनमन यांना कोलंबियाने घेतले नाही, ते एम.आय.टी.ला गेले आणि १९६५ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच वर्षी आयझॅक असिमॉव्ह या मुलाला मुख्य कॉलेज न देता ब्रुकलिनच्या सेथ लो ज्युनिअर कॉलेजात धाडले. कोलंबियाने १९२८ साली काढलेली ही शाखा म्हणजे नको असलेल्या मुलांची वेगळी पंगतच म्हणा. हाच असिमॉव्ह पुढे विज्ञानकथांचा जगप्रसिद्ध लेखक झाला. मुलींचे तर विचारूच नका. कोलंबिया कॉलेजने मुलींना प्रवेश दिला तो १९८३ साली.

दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यूंवरचे हे छुपे निर्बंध सैल झाले. १९६० च्या दशकात काळ्या लोकांच्या लढ्याने, विशेषतः १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर, ही विद्यापीठे हलली आणि काळी मुले शोधून आणू लागली. मजा अशी की हत्यार तेच, म्हणजे नुसते मार्क न पाहता अख्खा माणूस पाहायचा. १९२६ मध्ये ज्याने दार लोटले त्यानेच आता ते किलकिले केले. १९७८ साली बाकी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठराविक राखीव जागा बेकायदा ठरवल्या. वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून पाहता येईल असे म्हटले, आणि नमुना म्हणून हार्वर्डचीच पद्धत दाखवली. २९ जून २०२३ रोजी त्याच न्यायालयाने हार्वर्डच्याच खटल्यात तीही मुभा काढून घेतली.

ह्या खटल्यात हार्वर्डची कागदपत्रे बाहेर आली हे बरे झाले. आशियाई विद्यार्थ्यांना, ज्यांत भारतीयही आले, अभ्यासात वरचे आणि ‘व्यक्तिगत गुणां’त खालचे शेरे मिळत होते. खालच्या कोर्टाने २०१९ साली हा हेतुपुरस्सर भेदभाव नाही असे म्हटले होते, पण शंभर वर्षांपूर्वीचा तो ‘व्यक्तिमत्त्व’ शब्द आठवल्याशिवाय राहत नाही. त्याच कागदांवरून अर्थशास्त्रज्ञांनी दाखवले की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के हे खेळाडू म्हणून निवडलेले, माजी विद्यार्थ्यांची व प्राध्यापकांची मुले, किंवा देणगीदार वगैरेंच्या खास यादीतले होते. २०२३ साली निघालेल्या एका मोठ्या अभ्यासात असेही दिसले की परीक्षेत सारखेच गुण असलेल्या मुलांत, अतिश्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलाला ह्या विद्यापीठांत जाण्याची संधी मध्यमवर्गीय मुलापेक्षा दुपटीहून अधिक असते. तेव्हा कोणी तुम्हांला सवलतीवाले म्हटले तर हा ४३ चा आकडा ध्यानात असू द्या.

हे वाचून, मग अभ्यास कशाला करायचा, असे कोणा पोराने म्हणू नये. ज्यूंच्या पोरांनी ज्या दाराला धडक दिली ती अभ्यासाच्याच जोरावर. आज कोलंबिया कॉलेजकडे शंभर अर्ज आले तर जेमतेम चार जणांना प्रवेश मिळतो. बारावीनंतरचे हे दार परदेशी मुलाला फार खर्चाचे, कारण पैशाची ऐपत न पाहता परदेशी मुलांची निवड करून पूर्ण मदत देणारी विद्यापीठे मोजकीच आहेत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी. ही त्यांपैकी. पदवीनंतरचे दार, जिथून बाबासाहेब गेले, ते आपल्या घरांना अजूनही जवळचे आहे. तिथे पदवीचे गुण, आपण काय शिकू इच्छितो याचे निवेदन, आणि प्राध्यापकांची दोन-तीन शिफारसपत्रे हा मुख्य ऐवज. आपल्या राज्यात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्र सरकारची वेगळी आहे. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. प्रवेशाचे पत्र आधी मिळवावे लागते, म्हणून तयारी वर्षभर अगोदर सुरू करावी. परदेशी शिक्षणासाठी सरकारने आपल्या मुलांना पैसे द्यावेत ही मागणी बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ च्या निवेदनात व्हाइसरॉयपुढे लेखी ठेवली होती.

निवेदनात आणि शिफारसपत्रात आपली पोरं मागे पडतात असे आमचे मत आहे. स्वतःबद्दल चार पाने लिहायची आपल्याकडे सवय नाही. आई धुणीभांडी करते, घरात अभ्यासाला जागा नाही, हे लिहायची लाज वाटते. उलट तेच लिहायचे असते, रडगाणे म्हणून नव्हे तर त्यातून काय केले म्हणून. आणि शिफारसपत्र देणारा केळुसकर गुरुजींसारखा माणूस प्रत्येकाला आपोआप भेटत नाही. आपल्या विहारात आता शिकलेले, नोकरीतून निवृत्त झालेले कितीतरी जण आहेत. रविवारच्या वंदनेनंतर एक तास बसून ते ह्या मुलांचे निवेदन वाचून देऊ शकतात. त्याला ना वर्गणी लागत ना मंडप.

शेवटी ज्यू समाजाने काय केले तेवढे सांगून थांबतो. दारावर धडका देणे त्यांनी सोडले नाहीच, पण १९४८ साली बोस्टनजवळ वॉल्थम येथे स्वतःच्या पैशातून एक विद्यापीठ काढले आणि ते कोटा न ठेवता सर्व धर्मांच्या, सर्व रंगांच्या मुलांना खुले ठेवले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले पहिले ज्यू न्यायाधीश लुई ब्रँडाइस यांचे नाव त्याला दिले. ब्रँडाइस न्यायाधीश झाले ते १९१६ साली. त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी कोलंबियात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. ह्या ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये, कोणाशी भेदभाव करता येणार नाही त्या आपल्या नियमांत, वंश, धर्म, लिंग यांच्या जोडीला ‘जात’ हा शब्द घातला. अमेरिकेत असे करणारे हे पहिले विद्यापीठ.